डॉक्टर मॅडम, तांबूसाठी

डॉक्टर मॅडम,

आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझी गाय तांबू सोळा वर्षांची होती. त्या पहाटे बसली ती उठेचना. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, वय झालंय तिचं. मीही मनातून तेच धरून चालले होते. तुम्ही आलात आणि औषधांची पेटी बाजूला ठेवून तिच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून गप्प बसलात. मग माझी मूठ तिथे ठेवायला लावलीत. कोटीपोटाची, म्हणजे चारा साठतो त्या मोठ्या पोटाची, हालचाल हाताखालून लाटेसारखी सरकली, मग बऱ्याच वेळानं पुन्हा. दोन मिनिटांत दोन-तीनदा यायला हवी, मंद आहे पण थांबलेली नाही, असं तुम्ही सांगितलंत. तेवढ्यानं मला धीर आला.

बसलेल्या गाईला तिचं स्वतःचंच वजन मारतं, हे मला माहीत नव्हतं. ज्या मांडीवर भार पडतो तिथले स्नायू दबून खराब होत जातात आणि मूळ दुखणं बरं झालं तरी तिला उठता येत नाही. म्हणून दर चार तासांनी कूस बदलायची, खाली वाळूचा जाड थर द्यायचा. पूर्ण आडवी पडू द्यायची नाही, नाहीतर पोट फुगतं. खांद्याला गवताचे भारे लावून छातीवर बसती ठेवायची. हे सांगून तुम्ही निघून गेला नाहीत. पहिल्या रात्री दोन वाजता तिला वळवायला तुम्हीही गुडघ्यांवर बसला होतात.

माझ्या कपाटातली डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची जुनी बाटली तुम्ही काढून नेलीत आणि त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक दिलंत. डायक्लोफिनॅक अंगात असताना जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या गोठ्यातल्या चिंतेत असताना तुम्हाला आकाशातल्या पक्ष्यांचीही आठवण होती.

चौथ्या दिवशी तांबू उठली. पुढे सात महिने ती आमच्यात होती, आणि त्यातला एकही दिवस मला ओझं वाटला नाही.

म्हाताऱ्या शेळीबद्दलही सांगायचं राहिलं. ती अर्धवट चावलेला चारा टाकून द्यायची आणि मी तिच्यावर चिडायचे. तुम्ही तिच्या झिजलेल्या दाढा दाखवल्यात तेव्हा फार वाईट वाटलं. आता तिला बारीक कुट्टी आणि भिजवलेली पेंड वेगळी देते, कारण तरण्या शेळ्या तिला ढकलतात. दाट केसांमुळे ती रोडावलीय हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दर पंधरवड्याला तिचा पाठकणा हातानं चाचपते.

पण सगळ्यात जास्त आभार शेवटच्या भेटीचे. तांबूनं रवंथ सोडलं होतं, पाण्याकडेही तोंड फिरवत होती. मी वाळू टाकायला घेतली होती. तुम्ही फावडं माझ्या हातातून घेतलंत आणि म्हणालात, आता तिला उठवायचं नाही. कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं होतं. तुम्ही तिची वेदना कमी केलीत. ती गेली तेव्हा माझा हात तिच्या मानेवर होता.

तिला आधार द्यायला आणलेला रुंद पट्टा धुऊन, वाळवून ठेवला आहे. कुणाच्या गोठ्यात लागला तर रात्री-अपरात्री फोन करा. मी घेऊन येईन, आणि कूस बदलायलाही थांबेन.

तुमची,
तांबूची मालकीण