वास सोसत नाही, म्हणजे डोकं बिघडलं?

संपादक महोदय,

अत्तर-डिओच्या वासाने त्रास होणाऱ्यांना ‘आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा’ असा सल्ला देणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मानसोपचार घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण लेखकाने सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलं आहे, ते पटलं नाही.

मला अर्धशिशी आहे. तिच्या झटक्यात वास नकोसा होणं हे डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं लक्षण, आणि कित्येकांचं डोकं उठतंच मुळी वासाने. आमच्या ऑफिसात लिफ्टसमोर आपोआप फवारणारं यंत्र बसवलंय. वाट पाहत उभं असताना ते डोक्यावर फुस्स करतं आणि तो लिंबाचा गोडसर वास ओढणीला चिकटून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोबत येतो. जरा पलीकडे लावा म्हटलं, तर ‘मॅडम, मनावर घेऊ नका’! दमेकऱ्याला असं सांगतील? त्याचाही दमा उदबत्तीच्या धुराने, परफ्यूमच्या फवाऱ्याने उसळतो. त्वचेच्या ॲलर्जीचं तर आणखी सरळ आहे. सुगंधी द्रव्यं लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, पुढे पुन्हा एकदा पाहतात. खाली खाजरा लाल चट्टा उठला, तर तो मनातून उठलेला नसतो.

उरतात ती माणसं, ज्यांच्या तपासण्या ठीक येतात आणि तरीही फिनेल, साबण, सेंट, ताजा रंग, सगळ्यानेच त्रास होतो. १९८७ साली अमेरिकेतील डॉक्टर मार्क कलेन यांनी या तक्रारींना ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ (अनेक रसायनांचा त्रास होणं) हे नाव दिलं. लेखात याला सरळ मनोविकार म्हटलंय. पण मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी ग्रंथात या नावाचा विकार नाही. अर्थात उलट बाजूनेही फार ताणू नये. अशा रुग्णांना कधी रसायन, कधी साधी हवा देऊन पाहणाऱ्या ३७ प्रयोगांचा २००६ साली आढावा घेतला गेला. रसायन कोणतं आणि साधी हवा कोणती हे ओळखता येत नव्हतं, तेव्हा रुग्णांना दोन्हींतला फरक बहुधा जाणवला नाही. म्हणजे अपेक्षेचा, भीतीचा वाटा आहेच. पण बेल्जियममधल्या प्रयोगांत लोकांना एखाद्या वासासोबत कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा दिली. नंतर नुसत्या वासानेही त्यांना दम लागल्यासारखं झालं. याला ढोंग म्हणायचं का? शरीर असं शिकतं, आणि हळूहळू विसरूही शकतं. तिथे मानसोपचाराचा उपयोग होऊ शकतो; पण तो दमा, अर्धशिशी, ॲलर्जी तपासून झाल्यावर.

लेखात सुगंध विकणाऱ्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही, याचं नवल वाटलं. (शेजारीच रूम फ्रेशनरची अर्ध्या पानाची जाहिरात होती, तो योगायोग समजते.) युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर ॲलर्जी आणू शकणारी २६ सुगंधी द्रव्यं ठराविक प्रमाणापुढे नावानिशी छापावी लागत, २०२३च्या नियमाने ती यादी ८०च्या वर नेली. आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांवर ‘परफ्यूम’ एवढंच असतं. पाठीवरच्या पट्टीने नेमकं द्रव्य सापडलं, तरी दुकानात ते कोणत्या बाटलीत आहे हे ग्राहकाने ओळखायचं कसं? पुढच्या लेखात एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला हे जरूर विचारा.

– एक वाचक, ठाणे