सूचना : ज्येष्ठ जाझ वादकांच्या नव्या ध्वनिमुद्रणांचे सामूहिक श्रवण

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपले मासिक श्रवणसत्र येत्या रविवारी सायंकाळी ठीक ५.३० वाजता गंगापूर रोडवरील नेहमीच्या जागी होईल. ऐंशी ओलांडूनही ऐनवेळच्या सुचण्यावर भिस्त ठेवणाऱ्या तीन वादकांची अलीकडची ध्वनिमुद्रणे या वेळी ऐकावयाची आहेत.

१. मार्शल ॲलन, 'न्यू डॉन' (२०२५) : १९५८ पासून जाझ संगीतकार सन रा यांच्या 'आर्केस्ट्रा' या वाद्यवृंदात असलेल्या या सॅक्सोफोनवादकाने स्वतःच्या नावाचा हा पहिला अल्बम वयाची शंभरी गाठल्यावर ध्वनिमुद्रित केला. सत्राचा बराचसा वेळ यासाठीच राखला आहे, कारण त्यांच्या सुरांतला खरखरीतपणा एका ऐकण्यात पचत नाही.

२. चार्ल्स लॉइड, 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो' (२०२४) : लॉइड सॅक्सोफोन वाजवतात. अल्बम दुहेरी असल्याने निवडक भागच ऐकू. ब्रायन ब्लेड यांच्या ड्रम्सकडे कान असावा.

३. वाडाडा लिओ स्मिथ व विजय अय्यर, 'डिफायंट लाइफ' (२०२५) : स्मिथ यांचा ट्रम्पेट आणि अय्यर यांचा पियानो; यांपैकी ऐंशी ओलांडलेले ते स्मिथ. यात नादाइतकीच महत्त्वाची निःशब्दता असल्याने, मैफलीत आपण सवयीने देतो ती 'क्या बात है'ची दाद कृपया तुकडा संपेपर्यंत राखून ठेवावी.

मोबाइल बंद ठेवावेत. ध्वनिमुद्रणांच्या प्रती काढून ग्रुपवर पाठवू नयेत. पाहुणे आणणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे, कारण खुर्च्या मोजक्याच आहेत. सतरंजीवर बसण्याची तयारी असल्यास प्रश्नच नाही. वाहने शेजाऱ्यांच्या फाटकासमोर लावू नयेत. चहा सत्रानंतरच मिळेल.

– कार्यवाह