सांबऱ्याच्या शिवारातल्या त्या सगळ्यांचे आभार

माझा भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय, त्याचं ते दोन सीटचं छोटं विमान बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ इंजिन बंद पडून शेतात उतरलं, उतरलं कसलं आपटलंच, पुढचं चाक मोडून नाक मातीत रुतलं. आम्ही शहापुरात घरी, फोन येईस्तोवर काहीच पत्ता नाही. भांगलणीला आलेल्या बायकांनी आणि गड्यांनीच त्याला आणि त्याच्या सरांना बाहेर काढलं. असल्या विमानाचं पेट्रोल पंखातच असतं, त्याचा वास सुटलेला, तर एक आजोबा काठी घेऊन उभे राहिले, कुणी बिडी पेटवायची नाही, व्हिडिओ काढायला पुढं यायचं नाही म्हणून पोरांना दमात घेत होते म्हणे (शूटिंगवालेच जास्त जमलेले, ते जाऊ दे). एका कानडी अक्कांनी भाच्याची मान अजिबात हलवू दिली नाही, 'हेदरबेड, हेदरबेड' (घाबरू नको) म्हणत ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पदरानं त्याच्या तोंडावरचं ऊन अडवून बसल्या. एक बूट चिखलात राहिलेला, तो धुऊन पुसून कुणीतरी दवाखान्यात ठेवून गेलं, नाव पण सांगितलं नाही. पिकाची नासाडी झाली ती वेगळीच, कुणी चकार शब्द काढला नाही. पोरगा आता बराय, हात तेवढा गळ्यात बांधलाय. अक्का, आजोबा, बूटवाले दादा, कुणी ओळखत असाल तर कळवा, घरी येऊन भेटायचंय.