सात नंबर बेडच्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

केसपेपरवर तुमचा नंबर होता, पण तो पाहून फोन करणं बरं वाटलं नाही. म्हणून हे उघड पत्र. तुमच्या नातवाच्या मोबाइलवर कधीतरी पोचेलच.

त्या रात्री वॉर्डात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. विष प्यालेलं पोर फार उशिरा आणलं, वाचलं नाही, आणि जमावाला राग काढायला पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर सापडली. सलाईनच्या स्टँडनंही मारतात, हे तेव्हा कळलं. गेटवरचे जवान सगळं शांत झाल्यावर आले. एका वरिष्ठांनी हळूच सांगितलं, ‘पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस, परीक्षा आहे.’ राज्यात २०१० पासून कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र गुन्हा. २०१७ मध्ये धुळ्यात मारहाणीत एका निवासी डॉक्टरचा डोळा गेला, तेव्हा राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि सुरक्षारक्षकांची आश्वासनं मिळाली. पण कायद्याला साक्षीदार लागतो. आमच्या वॉर्डात तेव्हा नेमकं कुणाचंच लक्ष नव्हतं म्हणे!

तुम्ही मात्र चौकीत जाऊन स्वतःचं नाव-गाव सांगून आलात. त्याचे आभार आहेतच, पण मला बोलायचंय ते पहाटेबद्दल.

काकूंचं रक्त घ्यायचं होतं. माझा हात थरथरत होता, शीर सापडेना. सिस्टरना हाक मारणार, तोच तुम्ही मोबाइलचा टॉर्च धरलात. ‘हिची डावीकडची शीर बरी हाय. सावकाश घ्या. दोनदा टोचलं तरी चालतंय.’ साखरेनं बेजार झालेल्या काकूंनी निमूट हात पुढे केला. काही तासांपूर्वी त्याच वॉर्डात मला खाटीक म्हटलं होतं, काका. आणि तुम्ही तुमचं माणूस माझ्या हाती दिलंत. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत होते, तो तिथंच राहिला.

सरकारी वॉर्डात तुमच्यासारखे पुष्कळ असतात. शेजारच्या पेशंटला डब्यातली भाकरी देणारे, परक्याची सलाईन संपली म्हणून धावत सांगायला येणारे. त्यांची बातमी होत नाही, व्हिडिओ तर नाहीच.

कोर्टाचं समन्स आलं तर तुमचा रोज बुडेल, याची मला लाज वाटते. एसटीचं भाडंही देता येणार नाही, लगेच साक्षीदार फोडला म्हणतील. काकूंच्या पायाची जखम मात्र दाखवायला आणा. मी अजून त्याच युनिटला आहे.

तुमची,
रात्रपाळीची डॉक्टर