कॉम्प्युटरचा सेल, हयातीचा दाखला आणि बाकी सगळं

न्यूर्नबर्ग, जर्मनी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फराळाचा डबा मंगळवारी पोचला. चकल्या निम्म्या मोडल्या होत्या, पण चव तीच. चिवडा रोज एकच वाटी घेते, पुरवून खायचा आहे. आई, तू आधी तेच विचारशील म्हणून सांगून टाकते: खोकला पूर्ण गेला, दोन्ही वेळचं जेवण घरीच होतं आणि जाड जॅकेट घेतलं आहे. फोटोत बारीक दिसते ती उजेडामुळे. वजन तेवढंच आहे, काट्यावर बघितलं.

बाबा, हे पत्र खरं तर तुम्हाला. "फोनवर सांगतेस ते राहत नाही लक्षात, कागदावर लिहून दे," असं तुम्ही गणपतीपासून म्हणताय. मी आज-उद्या करत राहिले. आणि गेल्या रविवारी तुम्ही तिसऱ्यांदा तेच विचारलंत तेव्हा माझा आवाज चढला. तुम्ही "राहू दे बाळा, तुला कामं असतील" म्हणालात आणि फोन ठेवलात. आठवडाभर तेच कानात आहे. पोस्टाने यायला वेळ लागेल म्हणून या पानांचा फोटो चिनूच्या फोनवर पाठवते, पण कागद आला की टेबलाच्या खणात ठेवा.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. बँकेची वेबसाइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं आणि दुकानदार म्हणतो मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला, ३५,००० चा नवीन कॉम्प्युटर घ्या. बाबा, मदरबोर्ड गेलेला नाही. तुम्ही पाठवलेला स्क्रीनचा फोटो मी रात्री पुन्हा उघडून बघितला. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख आहे १ जानेवारी २०१६. सगळा घोटाळा तिथे आहे.

प्रत्येक वेबसाइटकडे एक दाखला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध. एसटीच्या पाससारखा. आपला कॉम्प्युटर समजतो आज २०१६ साल आहे, म्हणून बँकेचा आत्ताचा दाखला त्याला चालत नाही आणि तो दार लावून घेतो. बँकेत काही बिघडलेलं नाही, तुमचे पैसे जिथल्या तिथे आहेत.

तारीख लक्षात ठेवायला मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये पुष्कळदा हाच असतो. घड्याळाच्या दुकानात पन्नासेक रुपयांत मिळावा. कॉम्प्युटरला वीज चालू असली की घड्याळ विजेवर चालतं, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं की या सेलवर. तुम्ही रोज रात्री झोपताना बोर्डाचं बटण बंद करता, म्हणून तुम्ही संध्याकाळी लावलेली तारीख सकाळी पुन्हा मागे जाते. यात तुमची काही चूक नाही. सातारला पावसाळ्यात विजा कशा पडतात ते मला माहीत आहे, बटण बंद करणंच बरोबर. सेल नऊ वर्षं चालला, आता थकला, एवढंच.

तो तुम्ही स्वतः बदलू शकता. मिक्सर उघडून कार्बन ब्रश बदलणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. आधी मागची वायर काढा. चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. मग मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावा, अंगातली वीज उतरते. सेलच्या कडेला पत्र्याची बारीक जीभ दिसेल, ती नखाने बाहेर ढकलली की सेल आपोआप वर उचलतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येईल, बहुतेक एफ १ दाबायला सांगेल. घाबरू नका, दाबा. तारीख एकदा लावा, मग ती राहील. पत्रा उघडलाच आहे तर पंख्यावरची धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पंखा एका बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

हयातीच्या दाखल्यासाठी मात्र कॉम्प्युटरची वाट बघू नका. नोव्हेंबर संपायच्या आत आधार कार्ड आणि पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर घेऊन सरळ बँकेत जा आणि सही करून या. ऑनलाइन पुढच्या वर्षी बघू.

आता आईला ज्याने घाबरवलं ते. सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला, 'तुमचा कॉम्प्युटर हॅक झाला, या नंबरवर फोन करा'. आई, तू फोन केला नाहीस, फार शहाणपणाचं केलंस. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ते नुसतं एक वेबपान असतं, मोठं करून पडदाभर पसरलेलं. डाव्या वरच्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं. नाहीच गेलं तर कंट्रोल, अल्ट, डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, यादीत क्रोम निवडायचं आणि 'एंड टास्क'. क्रोम परत उघडल्यावर 'जुनी पानं आणू का' विचारेल, तिथे नाही म्हणायचं. आणि कोणीही, अगदी गोड बोलून, एनीडेस्क (आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला लांबून चालवू देणारं ॲप) टाका म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा. चुकून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन, मला नंतर. हा नंबर पेनाने मोठा लिहून भिंतीवर चिकटवा.

विंडोज १० ची चौकट येते ती मात्र खरी आहे. १४ ऑक्टोबरला त्याचे अपडेट बंद झाले. कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त सुरक्षेतली नवीन भोकं बुजवली जात नाहीत. आपलं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, पण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ घेता येते. ते चिनू करेल, त्याला सांगितलं आहे.

तुम्ही विचारलंत, रविवारीच तुला एवढा वेळ कसा. इथला रविवार तुम्हाला नीट सांगायलाच हवा, कारण मला स्वतःला तो समजायला वर्ष लागलं. रविवारी दुकानं बंद, किराणासुद्धा. बेकरी सकाळी थोडा वेळ उघडते तेवढीच. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल नाही, व्हॅक्यूम क्लीनरही शक्यतो नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकायच्या पेट्या रस्त्यावर असतात, त्यांतही रविवारी बाटली टाकायची नाही, खळकन आवाज होतो म्हणून. रविवार हा विश्रांतीचा दिवस आहे हे त्यांच्या राज्यघटनेतच आहे. १९१९ च्या जुन्या घटनेतलं कलम नव्या घटनेने तसंच ठेवलं. मी नवीन होते तेव्हा रविवारी दुपारी एक वाजता आपल्या मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली. खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या. रागावल्या नाहीत, माझा हात धरून खाली नेलं आणि दारातल्या नियमांच्या कागदावर बोट ठेवलं. तेव्हापासून चटणी शनिवारी. आधी मला हे जाचक वाटायचं. आता दुपारी खिडकी उघडली की चर्चची घंटा आणि कबुतरांचे पंख, एवढंच ऐकू येतं, आणि नेमकी तेव्हाच आपली गल्ली आठवते, भाजीवाल्याच्या आरोळीसकट. एकटी आहे का विचाराल, तर नाही. मैत्रिणी आहेत, आज संध्याकाळी एकीकडे जेवायलाही जायचं आहे. पण रविवारची सकाळ तुमची, हे मी ठरवलेलं आहे, आणि नेमक्या त्याच वेळी मी तुमच्यावर ओरडले.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ६०,००० बाबांच्या खात्यात टाकले आहेत. पेन्शनमधून करतो म्हणू नका. माझ्या कर्जाचा हप्ता वेळेवर जातो आहे, ओढाताण नाही. नवीन कॉम्प्युटर लागलाच तर मी आल्यावर घेऊ, तोवर त्या दुकानदाराला आगाऊ काही देऊ नका.

दिवाळीला आले नाही हे तुम्ही दोघांनी एकदाही बोलून दाखवलं नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे, या महिन्यात तिकीट काढते. तुळशीचं लग्न झालं, आता आत्याचा फोन येईलच. त्या पुण्याच्या मुलाशी मी दोनदा बोलले. चांगला आहे, पण त्याला पुणं सोडायचं नाही आणि माझं इथलं काम अजून दोन वर्षं आहे. पत्रिका जुळते म्हणून शब्द देऊ नका. आई, मी लग्नाला नाही म्हणत नाही. मे महिन्यात समोर बसून बोलू, फोनवर हा विषय निघाला की तू गप्प होतेस.

बाबा, सेल आणून ठेवा. पुढच्या रविवारी तुमच्या चार वाजता, माझ्या साडेअकराला, मी व्हिडिओ कॉल करते. चिनू फोन धरेल, तुम्ही स्क्रू काढा. कितीही वेळ लागू दे.

तुमची,
मनू

ता. क. जुना सेल टेबलावर ठेवू नका. शेजारची छोटी दिवसभर आपल्याकडे रांगत असते, आणि हा सेल पोटात गेला तर फार वाईट भाजतं. चिकटपट्टीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा. आणि तिचा एक व्हिडिओ पाठवा, उभी राहायला लागली का?