सुशोभीकरणात मुलांचा खेळ हरवतो

उपनगरांतील उद्यानांच्या सुशोभीकरणाविषयीचे आपल्या दैनिकातील वृत्त वाचले. खर्चाला आक्षेप नाही. मात्र या सुशोभीकरणातून लहान मुलांचा खेळच हद्दपार होत आहे. आमच्या घराजवळच्या उद्यानात कारंजे, सेल्फी पॉइंट आणि मोठ्यांसाठी व्यायामाची साधने आली, पण दोन झोपाळ्यांच्या जागी कित्येक महिने नुसत्या साखळ्या लोंबत आहेत आणि पत्र्याची घसरगुंडी उन्हात इतकी तापते की माझी सहा वर्षांची नात दिवस कलेपर्यंत तिच्याजवळ फिरकत नाही. त्यातच सकाळची शाळा सुटून मुले घरी येतात, तेव्हा फाटकाला कुलूप असते! संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम ३१ मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि भारताने ही संहिता १९९२ मध्येच स्वीकारली आहे. केंद्राच्या २०१४च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबईच्या दाट उपनगरांत ती मिळणे कठीण, हे मान्य. म्हणूनच आहे त्या जागेत झाडाच्या सावलीतले झोपाळे, घसरगुंडीखाली मऊ वाळू आणि दुपारी उघडे फाटक एवढे तरी कंत्राटाच्या अटींत लिहिले जावे.

— एक आजोबा, मुंबई उपनगर