प्लास्टिक आहे की नाही, एवढंच लिहून द्या! उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उद्योगमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी आमच्या गावातल्या एका मिठाईच्या दुकानात नगरपालिकेचं पथक शिरलं. पेढ्याच्या डब्यांवर गुंडाळायच्या पारदर्शक फिल्मचे ११ रोल उचलले, दुकानदाराच्या हातात ५,००० रुपयांच्या दंडाची पावती ठेवली. ते रोल माझ्या कारखान्यातले. दुकानदाराने तिथूनच फोन करून मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

मी सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म बनवतो. कापसाच्या लिंटरपासून (सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू) किंवा लाकडाच्या लगद्यापासून झालेलं ॲसिटेट ॲसिटोन नावाच्या द्रवात विरघळवायचं, पाकासारखं घट्ट झालं की गाळून चकचकीत स्टीलच्या ड्रमवर पातळ पसरायचं. ॲसिटोन उडून जातो, मागे काचेसारखा पापुद्रा राहतो. १ जुलै २०२२ पासून केंद्राने मिठाईच्या डब्यांवरची प्लास्टिक फिल्म बंद केली, तेव्हा वाटलं, आता आपले दिवस आले. कर्ज काढलं. पण ॲसिटेट मुळात झाडापासूनचं असलं तरी रसायनाने बदललेलं, मग कायद्याच्या लेखी ते प्लास्टिक की नाही? हे मी दीड वर्षापूर्वी लेखी विचारलं होतं. आपल्याच बैठकीत, आपल्याच समोर. आपण म्हणालात, "पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल." आपण हार घालून घेतलात, मी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी मी मोटारसायकल काढून दुकानात पोचलो. पथकातल्या साहेबांनी फिल्म अंगठ्याने चोळली आणि म्हणाले, "चमकतंय ना? मग प्लास्टिकच." मी बादलीत पाणी मागवलं. बाजारातल्या बीओपीपी या नेहमीच्या प्लास्टिक फिल्मचा तुकडा तरंगला, माझा तळाला गेला. (बाटल्यांचं पीईटी प्लास्टिकही बुडतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून पुढे माझी पट्टी पेटवूनही दाखवली. व्हिनेगरचा वास दुकानभर झाला.) साहेब म्हणाले, "बादलीचा रिपोर्ट चालत नाही." मग कुणाचा चालतो? तो तर आपण देणार होतात!

अग्निशमन दाखल्याची गंमत निराळीच. "सेल्युलोज म्हणजे स्फोटक," म्हणून फाईल आठ महिने अडली. अहो, ते नायट्रेट! जुन्या सिनेमाच्या रिळांचं, भडकणारं. ॲसिटेट आलंच त्याच्या जागी. आणि जे खरंच पेट घेतं त्या ॲसिटोनच्या पिंपांबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही. एक खिडकी योजना म्हणे! त्या खिडकीशी मी चाळीस वेळा तरी गेलो असेन, मोजलेलं नाही.

रात्री दोनला लाईट जाते. ड्रम थांबतो, पसरलेल्या फिल्मला लाटा पडतात, सगळा माल पुन्हा पिंपात. पावसाळ्यात हवेतली ओल पकडून फिल्मवर पांढरट धुरकट पडदा येतो, मिठाईवाला म्हणतो, पेढा दिसत नाही. जनरेटरच्या डिझेलने गेल्या वर्षीचा नफा खाल्ला. मुलगा माझ्यासोबत ड्रमवर बसायचा. दिवाळीनंतर पुण्याला गेला, आता दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याचं मशीन चालवतो आणि दर महिन्याला माझ्या बँकेच्या हप्त्याला पैसे पाठवतो. बापाने मुलाला पाठवायचे असतात ना?

कापूस आमच्या शेतात. जिनिंग आमच्या गावात. क्विंटलभर सरकीवर सात-आठ किलो तरी लिंटर असतो, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. त्यातला बराचसा सरकीसोबत घाण्यात जातो आणि पेंडीतून म्हशीच्या पोटात. ॲसिटेट मात्र मी परदेशातून आलेलं, भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून घेतो. इथे करायचं तर ॲसेटिक ॲनहायड्राइड हे रसायन लागतं, ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित. शिवाय तयार ॲसिटेट धुवायला पाणी लागतं, आणि २०१६ साली लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेने आलं, हे आपण विसरला असाल, आम्ही विसरलो नाही. मराठवाड्याच्या विकासाचा अनुशेष, अनुशेष म्हणून दांडेकर समितीने १९८४ मध्ये आकडे मांडले. त्यासाठीचं वैधानिक विकास मंडळ ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून गेलं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन मात्र कधी चुकत नाही. कुणी भाषणात लिंटर हा शब्द तरी घेतलाय?

असो. मी अनुदान मागत नाही. ॲसिटेटची फिल्म प्लास्टिकच्या बंदीत येते की नाही, एका ओळीत, सहीशिक्क्याने कळवा. 'येते' म्हणालात तर कारखान्याला कुलूप लावतो, पण लिहून द्या.

आपला,
मराठवाड्यातला एक लघुउद्योजक

ता. क. : जप्त केलेले ११ रोल पालिकेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिजत पडले आहेत. परत द्यायचे नसतील तर निदान त्यावर ताडपत्री टाकायला सांगा. प्लास्टिकची असली तरी चालेल.